गिअरचा नॉब निघत नाही तेव्हा

प्रश्न : माझी हाताने गिअर बदलण्याची जुनी हॅचबॅक आहे. वर्षानुवर्षे उन्हात उभी राहिल्याने गिअरच्या नॉबवरचे रबर चिकट झाले असून ते हाताला लागते. नवा नॉब आणला आहे. मात्र कंपनीने बसवलेला जुना नॉब फिरवूनही निघत नाही आणि ओढूनही निघत नाही. एका गॅरेजमध्ये ‘मोठ्या पकडीने पिळून काढतो’ असे सांगितले, तेव्हा मी गाडी तशीच परत आणली. हे काम घरी करता येईल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : गाडी परत आणलीत, हे फार चांगले केलेत. नॉब बदलणे स्वस्त असते. त्याखालचा दांडा, दांड्याच्या तळाचा गोल सांधा आणि गिअरबॉक्सकडे जाणारी जोडणी मात्र महाग असते, आणि पकडीचा पीळ थेट तिथपर्यंत पोहोचतो. काही गाड्यांत थरथर शोषून घेण्यासाठी दांड्यात रबरी बुश (रबराची जाड कडी) बसवलेला असतो; तो आतून फाटला, की गिअर ढिला लागू लागतो. म्हणून जोर लावण्याआधी नॉब नेमका कशाने धरून ठेवला आहे, हे शोधावे.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे आणि दुसरा किंवा चौथा गिअर टाकावा, म्हणजे दांडा मागे येऊन हाताला जागा मिळते. दांड्याभोवतीच्या चामडी किंवा रेक्झिनच्या आवरणाची चौकट कन्सोलमध्ये (पुढच्या दोन आसनांमधल्या प्लास्टिकच्या भागात) खटक्यांवर बसवलेली असते. ती प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचलून आवरण उलटे करून वर घेतले, की नॉबचा तळ दिसतो. तेथे अॅलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) सुटणारा बारीक स्क्रू, आडवी पिन किंवा पत्र्याची क्लिप आहे का, हे बॅटरीच्या उजेडात नीट पाहावे. फोक्सवॅगन आणि श्कोडाच्या अनेक गाड्यांत नॉब व आवरण एकत्रच येतात आणि आत पत्र्याच्या पट्टीने आवळलेले असतात; ती पट्टी कापून काढावी लागते व बसवताना नवी घालावी लागते. अशा नॉबला कितीही पिळले तरी तो हलणार नाही. रिव्हर्ससाठी उचलायचे कडे असेल, तर त्याची दोरी कुठे अडकवली आहे, तेही आधीच पाहून ठेवावे.

यांपैकी काहीच आढळले नाही, तर नॉब एक तर आट्यांवर बसवलेला असतो किंवा दांड्याच्या खाचांवर दाबून बसवलेला असतो. दोन्ही प्रकारांत उष्णता उपयोगी पडते, कारण प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावते आणि कारखान्यात लावलेला गोंदही मऊ होतो. त्यासाठी केस वाळवण्याचे यंत्र पुरेसे आहे. ते नॉबभोवती फिरवत राहावे. हीट गन जवळ धरल्यास नॉबच काय, कन्सोलही वाकडा होतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमध्ये दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत हे काम केल्यास निम्मी उष्णता फुकट मिळते.

नॉब तापल्यावर दांडा नॉबच्या लगेच खाली, कापड गुंडाळून, पान्याने किंवा पकडीने घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने, रबरी हातमोजा घालून, नॉब घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. खालची पकड हीच या कामातली खरी युक्ती आहे, कारण तिच्यामुळे पीळ दांड्याच्या वरच्या टोकातच राहतो. नॉब दाबून बसवलेला असेल, तर तो किंचित डावीकडे-उजवीकडे हलवत सरळ वर ओढावा. त्या वेळी चेहरा दांड्याच्या वर आणू नये. सुटलेला नॉब वेगाने वर येतो आणि दात किंवा नाक फुटू शकते. गंजविरोधी तेल आट्यांपुरते थेंबभर चालेल, पण ते रबरावर सांडू देऊ नये.

नवा नॉब बसवण्यापूर्वी आटे जुळतात का, हे तपासावे. दांडे साधारणतः ८, १० किंवा १२ मिलिमीटरचे असतात आणि त्यांच्या आट्यांचे अंतर १.२५ किंवा १.५ मिलिमीटर असते. नॉब धातूचा असेल, तर तो उन्हाळ्यात हाताला चटका देतो, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : माझ्या गाडीचा नॉब गोल गोल फिरतो, पण वर येत नाही. असाच वापरला तर चालेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : चालणार नाही. बहुधा नॉबच्या आतली प्लास्टिकची नळी बाहेरच्या कवचापासून सुटली आहे. कसारा घाटात खालचा गिअर टाकताना तो हातात आला, तर गाडी आवरणे कठीण होईल. असा नॉब फिरवून निघत नाही. तो कापावा लागतो. आसने कापडाने झाकून, हॅक्सॉच्या पात्याने नॉबच्या अंगाला उभी चीर पाडावी, पाते दांड्याला लागण्याआधी थांबावे आणि चिरेत स्क्रू-ड्रायव्हर घालून तो पिळावा, म्हणजे नॉब उकलतो. दांड्यावरचे आटे शाबूत राहिले पाहिजेत, कारण नवा नॉब त्यांच्यावरच बसणार आहे. कापल्यावर कण व्हॅक्यूमने काढून मगच आवरण पुन्हा खटक्यांत बसवावे.