एकाच झाडाचे हिरवे आणि ऊलाँग चहा

प्रश्न : हिरवा चहा आणि ऊलाँग एकाच झाडापासून तयार होतात, मग त्यांच्या चवींत एवढा फरक का पडतो? आणि घरी केलेला हिरवा चहा नेहमी कडू का होतो?

उत्तर : झाडाचे वाण आणि जमीन यांचा वाटा असतोच, पण खुडलेल्या पानाला आच केव्हा आणि कशी दिली, यावर अधिक अवलंबून असते. पान खुडले की त्यातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग, होऊ लागते. हिरव्या चहात ते उष्णतेने लवकरच थांबवतात. जपानमध्ये त्यासाठी बहुधा वाफ वापरतात, म्हणून सेंचा या तिथल्या हिरव्या चहाला कोवळ्या गवताचा, किंचित समुद्री शेवाळाचा स्वाद असतो. चीनमध्ये पाने तापलेल्या कढईत परततात, आणि हांगचौच्या लोंगजिंग या हिरव्या चहाची पाने तर तळहाताने कढईला दाबून चपटी केली जात असल्याने त्याला चेस्टनटसारखा खमंगपणा येतो. ग्योकुरो या जपानी हिरव्या चहाची झुडपे खुडणीपूर्वी सुमारे २० दिवस झाकून ठेवतात; ऊन कमी मिळाल्याने कॅटेचिने ही तुरट द्रव्ये कमी तयार होतात, थिआनिन हे अमिनो आम्ल टिकून राहते आणि चव गोडसर, दाट लागते.

ऊलाँगमध्ये ऑक्सिडीकरण अर्ध्या वाटेवर थांबवतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. कोमेजलेली पाने पुन्हापुन्हा हलवल्याने त्यांच्या कडा दुखावून तांबूस होतात, मधला भाग मात्र हिरवा राहतो. भिजून उलगडलेल्या पानात हे अनेकदा स्पष्ट दिसते. चीनच्या फूच्येन प्रांतातील आनशीच्या थिएक्वानयिन या हलक्या ऊलाँगला ऑर्किडसारखा सुगंध असतो, तर त्याच प्रांतातील वूयी डोंगरांतल्या चहाला कोळशाच्या मंद आचेवर भाजल्यामुळे गडद, खरपूस चव येते. तैवानच्या ‘ओरिएंटल ब्यूटी’ या ऊलाँगची तऱ्हा न्यारी : तुडतुडे पानांतील रस शोषतात, त्यावर झाड सुगंधी द्रव्ये तयार करते आणि त्यातून मधाचा, पिकल्या फळांचा स्वाद उतरतो. त्यामुळे एरवी पिकाचा शत्रू ठरणारा हा कीटक तिथे हवासा असतो आणि कीटकनाशक फवारणे परवडत नाही.

कडूपणाचे कारण बहुधा उकळते पाणी हेच असते. सेंचा किंवा लोंगजिंगसाठी ७० ते ८० अंश सेल्सिअस, ग्योकुरोसाठी ५० ते ६० अंश पाणी पुरते. सेंचा मिनिटभरातच गाळून घ्यावा. ऊलाँगला मात्र ९० अंशांच्या पुढचे पाणी लागते, आणि चांगल्या ऊलाँगची तीच पाने चार-पाच वेळा सहज वापरता येतात. आमच्या मते त्याचा दुसरा पेला पहिल्यापेक्षा सरस असतो, कारण तोवर घट्ट वळलेली पाने पुरती उलगडलेली असतात.