पोटावरच्या चरबीतल्या हार्मोन्समुळे गर्भ टिकत नाही, हे खरं का?

तुम्ही लिहिलंय की सातवा आठवडा चालू आहे, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, आणि मागच्या खेपेला अडीच महिन्यांवर गर्भ पडला. आता जाऊबाईंनी सांगितलं की चरबीतली हार्मोन्स गर्भपिशवी बिघडवतात, म्हणून तुम्ही रात्रीचं जेवण सोडलंय. आधी एवढंच सांगते: आज रात्री जेवा. बाकीचं मग वाचा.

मी डॉक्टर नाही. फोंड्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि हा भाग मुलांना शिकवते. चरबीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आत तेलाचा एकच मोठा थेंब दिसतो आणि केंद्रक पार कडेला चेपलेलं असतं. पाहणाऱ्याला वाटतं, हे निव्वळ कोठार. पण ती पेशी रक्तात सतत हार्मोन्स सोडत असते. त्यातलं लेप्टिन १९९४ साली सापडलं. शरीरात साठा किती आहे, हे ते मेंदूला कळवतं. दुसरं महत्त्वाचं म्हणजे ॲडिपोनेक्टिन. ते इन्सुलिनचं काम सोपं करतं आणि दाह, म्हणजे शरीरातली आतली सूज, कमी ठेवतं. गंमत अशी की चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, ॲडिपोनेक्टिन मात्र घटतं.

गर्भपिशवीच्या अस्तरात या दोन्ही हार्मोन्सना पकडणारे ग्राही असतात. म्हणजे जाऊबाईंचं म्हणणं हवेतलं नाही. बीज सुटल्यावर साधारण सहा ते दहा दिवसांनी गर्भ अस्तरात रुजतो. त्या सुमाराला अस्तरातल्या लांबट, चातीसारख्या पेशी फुगून गोलसर होतात आणि गर्भाला पोसायला तयार होतात. हे मुख्यतः प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं काम, पण चरबीची हार्मोन्सही त्यात हात घालतात. ज्या उंदरांत जन्मतः लेप्टिन बनत नाही, त्या माद्या लठ्ठ असतात आणि वांझ राहतात. १९९६ साली त्यांना लेप्टिन टोचलं तर त्यांना पिल्लं झाली. म्हणजे लेप्टिन हवंच.

मग जास्त झालं तर? समुद्राकाठी राहणाऱ्याला जसा लाटांचा आवाज कानी पडेनासा होतो, तसं लेप्टिन सतत चढं राहिलं की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. वर ॲडिपोनेक्टिन कमी, म्हणून इन्सुलिन चढतं आणि बारीक दाह राहतो. जास्त चरबीचा आहार देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांत अस्तराची ती तयारी अर्धवट होते, असं प्रयोगांत दिसलंय. माणसातही लठ्ठपणात गर्भ पडण्याचा धोका काहीसा वाढतो.

पण "काहीसा" या शब्दावर माझा जोर आहे. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. तो बहुतेक वेळा योगायोगाने येतो आणि बारीक बायकांच्या बाबतीतही घडतो. मागच्या खेपेला काय झालं याचा दोष तुमच्या पोटावर ठेवायचा अधिकार कुणालाही नाही, जाऊबाईंनाही नाही आणि तुम्हालाही नाही. वजन बघून बाईला गुन्हेगार ठरवण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि मला तिची मनापासून चीड येते.

शिवाय तुमचा गर्भ रुजून काही आठवडे झालेत. उंदरांत लेप्टिनची खरी गरज रुजण्यापर्यंतच दिसली, पुढे इंजेक्शनं थांबवली तरी गर्भ टिकले. माणसात तर वार, म्हणजे गर्भाला पोसणारी प्लॅसेंटा, स्वतःही लेप्टिन बनवते, त्यामुळे गरोदरपणात ते वाढणारच. उपाशी राहून ते "दुरुस्त" होणार नाही. लेप्टिनची रक्ततपासणीही करून घेऊ नका, तिच्यावरून तुमचा उपचार ठरत नाही.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेबत्तीसच्या आसपास येतो. अशा बाईने पूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलो वाढावं, असं सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. म्हणजे वजन उतरवायचं नाही, फक्त वाढ आटोक्यात ठेवायची. शीत, म्हणजे भात, बंद करू नका, दुपारी एक मूद कमी घ्या आणि ताटात नुस्तं (मासे) किंवा कडधान्य वाढवा. सकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पाव चहात बुडवून खाण्याऐवजी नाचण्याची आंबील चालेल. जेवणानंतर अंगणात फेऱ्या घाला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. साखरेची ७५ ग्रॅम ग्लुकोजवाली तपासणी आत्ताच करायची का, थायरॉइड पाहिलंय का, आणि या वजनाला फॉलिक ॲसिडचा डोस किती हवा. मागचा गर्भ पडल्याचं त्यांना स्वतःहून सांगा. रक्त जायला लागलं किंवा पोटात जोराची कळ आली तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, जवळचं इस्पितळ गाठा. रात्र असली तरी.