गुदाशयाच्या कर्करोगासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया चांगली की रोबोटची?

आपल्या वडिलांची गाठ गुदद्वारापासून सहा सेंटिमीटरवर आहे, एका डॉक्टरांनी दुर्बिणीची, तर दुसऱ्यांनी बऱ्याच जास्त खर्चाची रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली आहे, आणि त्यांतली कोणती निवडावी असे आपण विचारले आहे. मी या दोन्ही पद्धतींनी शस्त्रक्रिया करतो. गाठ मोठ्या आतड्याच्या वरच्या भागात असती, तर माझे उत्तर फारच छोटे झाले असते. अमेरिकेतील ४८ रुग्णालयांमधील ८७२ रुग्णांच्या ‘कॉस्ट’ चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तीन वर्षांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के होते, म्हणजे व्यवहारात सारखेच. छिद्रांतून काम केल्यास कर्करोगाच्या पेशी पोटाच्या भिंतीत रुजतील ही १९९० च्या दशकातली भीती त्यानंतर मागे पडली. अशा रुग्णाला केवळ रोबोटसाठी अधिक पैसे मोजण्याचा सल्ला मी देत नाही.

गुदाशयाचे गणित वेगळे आहे. तो ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद पोकळीत खोल बसलेला असतो आणि त्याच्याभोवती लसिका ग्रंथींसह चरबीचे एक आवरण असते. हे आवरण कोठेही न फाटता, अखंड बाहेर काढले पाहिजे, हे इंग्लंडमधील शल्यचिकित्सक बिल हील्ड यांनी १९८२ पासून आग्रहाने मांडले आणि आज तोच या शस्त्रक्रियेचा पाया आहे. लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नसा या आवरणाला अगदी लागून जातात. पुरुषांमध्ये ही पोकळी अधिक अरुंद असते. त्यात रुग्ण स्थूल असेल, तर दुर्बिणीची सरळ, न वळणारी उपकरणे खाली नीट पोहोचत नाहीत आणि काही वेळा ऐन शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते.

रोबोटची उपकरणे मनगटासारखी वळतात आणि कॅमेरा शल्यचिकित्सकाच्या स्वतःच्या ताब्यात, स्थिर राहतो. (यंत्र स्वतःहून काही करत नाही, हे मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला सांगावे लागते.) मात्र सोय झाली म्हणजे निकाल सुधारला असे नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रोलार’ चाचणीत पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के आणि रोबोटच्या गटात ८.१ टक्के होते, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्यानंतर चीनमध्ये गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागातील कर्करोगावर, म्हणजे आपल्या वडिलांसारख्याच रुग्णांवर, ‘रिअल’ ही मोठी चाचणी झाली. तीत तीन वर्षांत त्याच भागात कर्करोग उलटण्याचे प्रमाण रोबोटने १.६ टक्के आणि दुर्बिणीने ४ टक्के आढळले. हा फरक मी गांभीर्याने घेतो; परंतु तेथील शल्यचिकित्सक दोन्ही पद्धतींत मुरलेले होते, आणि आपल्या गावातील रोबोटला तोच निकाल आपोआप लागू होत नाही.

गुदद्वाराच्या बाजूने वर जाऊन आवरण सोडवण्याची एक तिसरी पद्धतही आपल्या वाचनात येईल. नॉर्वेत तिच्यानंतर कर्करोग लवकर आणि एकाहून अधिक ठिकाणी उलटताना दिसला, तेव्हा २०१८ च्या अखेरीस ती तेथे थांबवण्यात आली. ती काही मोजक्या अनुभवी केंद्रांपुरतीच राहावी असे माझे मत आहे.

अनुभवाचा परिणाम किती असतो, हे ब्रिटनमधील ‘क्लासिक’ चाचणीत दिसले: दुर्बिणीची शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी ३८ टक्के होते, ते सहाव्या वर्षी १६ टक्क्यांवर आले. म्हणून दोन्ही डॉक्टरांना नम्रपणे, पण स्पष्ट विचारा, की गेल्या वर्षी गुदाशयाच्या अशा किती शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केल्या, कितींमध्ये पोट उघडावे लागले, कितींमध्ये आतड्याचा जोड गळला आणि वडिलांना शौचासाठी पोटावर तात्पुरती पिशवी लागेल का. दुर्बिणीवाल्या डॉक्टरांचा हात अधिक बसलेला असेल, तर मी त्यांच्याकडे जाईन. दोघांचा अनुभव तोलामोलाचा असेल, गाठ इतकी खाली आहे आणि खर्च झेपणारा आहे, तर रोबोटकडे झुकेन.

त्याआधी एमआरआय पाहून रेडिएशन आणि केमोथेरपी अगोदर द्यायची का, हे ट्यूमर बोर्डाकडून, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीतून, ठरवून घ्या, कारण गाठ आवरणाच्या कडेला भिडलेली असेल तर आधी शस्त्रक्रियेची घाई करणे योग्य नाही. विमा असल्यास पॉलिसी आताच तपासा: रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यात धरली जाते, पण अनेक पॉलिसींमध्ये तिच्यासाठी वेगळी कमाल मर्यादा असते आणि त्या मर्यादेपलीकडचा खर्च घरातूनच भरावा लागतो.