बसण्याचा हिशेब कागदावर का जुळत नाही?

‘दिवसातून किती तास बसता?’ हा प्रश्न हल्ली कॉलेजच्या प्रबंधापासून कंपनीच्या आरोग्य तपासणीपर्यंत सगळीकडे विचारला जातो. त्यावर आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोल्हापुरातल्या शाहूपुरी आणि राजारामपुरीतल्या बँक कर्मचाऱ्यांकडून ‘आयपॅक’ या शारीरिक हालचालींच्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीचा छोटा फॉर्म भरून घेतला. कामाच्या दिवशी किती वेळ बसता, याला अनेकांनी ‘तीन तास’, ‘चार तास’ लिहिलंय. प्रत्यक्षात ते सकाळी दहापासून खुर्चीतच दिसतात. हे फॉर्म बाद करू का?

बाद करू नका. ही मंडळी खोटं बोललेली नाहीत. तुमचा प्रश्न नीट पाहा : गेल्या 7 दिवसांत, कामाच्या दिवशी, एकूण किती वेळ बसलात? उत्तर द्यायचं तर माणसानं उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस आठवायचा, त्यातलं बसणं वेगळं काढायचं, बेरीज करायची आणि पाच दिवसांची सरासरी लावायची. तेही काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना. कॅशियरला किती व्हाउचर पास केली ते आठवतं. ती करताना आपण बसलो होतो, हे त्याच्या खिजगणतीतही नसतं. जेवणाची सुट्टी, चहा आणि रात्रीचा टीव्ही एवढंच त्याला ‘बसणं’ वाटतं. झाले तीन तास!

उपकरणानं मोजलेल्या वेळेशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एक मोठा आढावा 2020 मध्ये आला. त्यात लोकांनी सांगितलेला वेळ सरासरी दिवसाला पावणेदोन तासांच्या आसपास कमी निघाला. पण म्हणून प्रत्येकाच्या आकड्यात पावणेदोन मिळवून मोकळं होता येत नाही. कुणी चार तास कमी सांगतो, कुणी दोन तास जास्त. सरासरीत ते झाकलं जातं.

तुमचे गाइड विश्वासार्हतेबद्दल विचारतील. पंधरा दिवसांनी तोच फॉर्म दिला आणि तेच उत्तर आलं, तर विश्वासार्हता चांगली. पण लक्ष्मीपुरीच्या बाजारातला एखादा काटा रोज न चुकता पावशेर कमीच दाखवत असेल, तर तो सातत्य राखतो, खरं वजन सांगत नाही. प्रबंधात या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

पुढच्या वेळी दिवस तुकड्यांत विचारा. नोकरदारांसाठी एक प्रश्नावली आहे, तिच्यात कामाच्या दिवसातला किती टक्के वेळ बसून, उभं राहून, चालण्यात आणि जड कामात गेला ते विचारतात. चारींची बेरीज 100 व्हावी लागते. बँकेतल्या माणसाला टक्के शिकवावे लागत नाहीत! दुसऱ्या काही प्रश्नावल्या टीव्ही, कॉम्प्युटर, प्रवास, वाचन असं सुटं सुटं विचारतात. त्यांचा घोटाळा उलट बाजूनं होतो : टीव्हीसमोर मोबाईल बघितलेला तास दोनदा मोजला जातो. झोप धरून बेरीज 24 च्या वर गेलेले फॉर्म आधी शोधा.

हातात आहे त्या माहितीवर कमी, मध्यम आणि जास्त बसणारे असे गट पाडता येतील. ‘कोल्हापूरचे बँक कर्मचारी दिवसाला 3.6 तास बसतात’ असलं वाक्य मात्र निष्कर्षात लिहू नका. आणि फॉर्म मार्चअखेरीला भरून घेतले असतील, तर तेही नमूद करा.

प्रश्न : ऑफिसच्या फॉर्मनुसार मी रोज 11 तास बसतो. हातातलं घड्याळ मात्र 8,000 पावलं दाखवून शाबासकी देतं. खरं कोण?

दोघंही खरे असू शकतात. मिनिटाला 100 पावलं धरली, तर 8,000 पावलं सव्वा ते दीड तासात संपतात. सात तास झोप धरा. उरलेले साडेपंधरा-पावणेसोळा तास तुम्ही काय करता, हे पावलं सांगत नाहीत.

मनगटावरचं घड्याळ हाताची हालचाल टिपतं. तुम्ही खुर्चीत आहात की उभे, हे त्याला नीट कळत नाही. संशोधनात त्यासाठी मांडीला चिकटवायचं छोटं यंत्र वापरतात. मांडी आडवी की उभी, यावरून ते बसणं ओळखतं. पण ते बसणं ऑफिसातलं, एसटीतलं की सोफ्यावरचं, हे यंत्राला ठाऊक नसतं. ते फॉर्मलाच विचारावं लागतं.

11 तासांनी घाबरायचं का? जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत बसणं कमी करा म्हटलं आहे, तासांची मर्यादा घातलेली नाही. 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये 10 लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचं विश्लेषण आलं होतं. रोज 60 ते 75 मिनिटं भरभर चालण्याइतपत व्यायाम करणाऱ्यांत, 8 तासांहून जास्त बसण्याशी जोडलेला अकाली मृत्यूचा वाढीव धोका जवळपास दिसेनासा झाला. गंमत म्हणजे त्यातलं बसणंही लोकांनी स्वतः सांगितलेलंच होतं.

प्रश्न : मी हुपरीत चांदीचं काम करतो. दिवसभर जमिनीवर मांडी घालून, पण हात थांबत नाहीत. फॉर्ममध्ये ‘बैठं काम’ वर टिक करायला लावली. हे बरोबर आहे का?

तुमची तक्रार रास्त आहे. संशोधक ज्याला बैठं वागणं म्हणतात, त्याला दोन अटी आहेत : जागेपणी बसलेली, रेललेली किंवा आडवी स्थिती, आणि ऊर्जेचा खर्च 1.5 मेट किंवा त्याहून कमी. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे 1 मेट. पैंजणाच्या कड्या जोडणं, घुंगरू लावणं ही कामं या रेषेखाली राहण्याची शक्यता जास्त. हातोडीनं ठोकणं किंवा जोर लावून तार ओढणं बसूनही रेषेच्या वर जाऊ शकतं. एका टिकेत दोन्ही मावत नाहीत.

बहुतेक प्रश्नावल्या खुर्ची, टेबल आणि मोटारीच्या जगात तयार झाल्या. कोल्हापुरात पापाच्या तिकटीला चपलांवर वेणी घालणारा कारागीर त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. उकिडवं बसण्याचंही तसंच. टांझानियातल्या, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या हाड्झा लोकांवरचा 2020 चा अभ्यास सांगतो, की ते दिवसातले नऊ-दहा तास विसावलेले असतात. पण त्यातला काही वेळ उकिडवे, आणि तेव्हा पायांचे स्नायू खुर्चीत बसल्यापेक्षा जास्त काम करतात. तेव्हा टिक करा, पण शेजारी ‘जमिनीवर बसून, हातकाम’ असं लिहा.

प्रश्न : रोज मोटारसायकलनं इचलकरंजीला जातो-येतो. हे बसण्यात धरायचं का?

ऊर्जेच्या हिशेबानं नाही. मोटारसायकल चालवण्याचा खर्च 1.5 मेटच्या बराच वर असतो. बसमध्ये नुसतं बसून जाणं मात्र बैठंच. आयपॅकच्या मोठ्या फॉर्ममध्ये वाहनातला वेळ आधी वेगळा विचारलेला असतो. बसण्याच्या प्रश्नात तो परत धरू नका.

प्रश्न : मी करवीर तालुक्यात आशा सेविका आहे. तिशीवरच्यांचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासणारा) भरताना आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम विचारते. बायका म्हणतात, ‘दिवसभर राबतोय की!’ आता एका सर्वेक्षणात बसण्याचे तासही विचारायचे आहेत. सासू शेजारी असली, की सून टीव्हीचं नावच काढत नाही.

ताई, राबणं आणि बसणं हे दोन वेगळे हिशेब आहेत, एकाच बाईच्या दिवसात दोन्ही असतात. पहाटे गोठा, वैरण, धुणं, आणि दुपारी दोन तास शिलाई मशीनवर. म्हणून राबण्यावर वाद घालू नका. बसण्याचं वेगळं विचारा.

‘किती तास’ हा शब्दच टाळा. घड्याळापेक्षा दुधाच्या वेळा पक्क्या असतात. सकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर काय केलंत? पोरं शाळेतनं येईपर्यंत? संध्याकाळचं दूध घातल्यावर? ‘मशीनवर बसले’, ‘शेंगा फोडत बसलो’ अशी उत्तरं येतील. बेरीज तुम्ही करा. टीव्हीचं ‘बघता का’ असं न विचारता ‘कुठली मालिका चालू आहे सध्या?’ असं विचारा, म्हणजे वेळ आपोआप निघते. सासूबाईंचा फॉर्म आधी भरून घ्या. त्यांनी दोन मालिका सांगितल्या, की सूनही मोकळी होते. आणि ऊसतोडीच्या दिवसांत घेतलेला ‘गेला आठवडा’ आषाढातल्या झडीच्या आठवड्याशी ताडून बघू नका. फॉर्मवर तारीख आणि पाऊस होता का, एवढं टिपून ठेवा.