डोमेन घेताना घरचा पत्ता खोटा टाकला तर चालेल का?

घरून शिवणकाम करता, वेबसाइटसाठी डोमेन, म्हणजे तिचं इंटरनेटवरचं नाव, घ्यायचंय आणि घरचा पत्ता-मोबाइल सगळ्यांना दिसेल म्हणून खोटा टाकू का, असं विचारलंय तुम्ही. खोटा मुळीच टाकू नका. कोणी तक्रार केली आणि रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, विचारणेला १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर डोमेन बंद पडू शकतं. खरा पत्ता द्या आणि प्रायव्हसी, म्हणजे नोंदीतलं नाव-पत्ता झाकायची सेवा, चालू करा.

मी ती २०१७ मध्ये चालू केली नाही. नागपूरच्या नंदनवनात घरूनच डबे द्यायचे. डॉट कॉम घेताना प्रायव्हसीचे पैसे वेगळे पडत होते. दादा शेजारीच बसला होता. म्हणाला, "काय लपवायचं आहे तुले? डबेच विकून राहिली ना?" मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. वेबसाइट बनवून घ्या, लोगो घ्या. कणीक मळता मळता कोपराने फोन उचलायची मी.

ते सोसलं असतं. पण मे महिन्यात, भर दुपारी, आई एकटी घरी असताना एक माणूस फाटकाची कडी वाजवत उभा राहिला. कूलरच्या आवाजात तिला आधी ऐकूच गेलं नाही. त्याच्या हातात प्रिंटआउट होता. माझं नाव, नंबर आणि पत्ता, अगदी "पिठाच्या गिरणीच्या मागे" सकट, जसं मी फॉर्मात टाइप केलं होतं तसंच. डोमेन संपतंय, दोन हजार रोख द्या म्हणाला. आईने दिले. डोमेनला अजून आठ महिने होते.

दादा अजूनही म्हणतो, दुकानाच्या पाटीवर नंबर असतोच की. पाटीवरचा नंबर मी लिहिते, कुठे लावायची तेही मीच ठरवते. आणि पाटीवर आईची झोपायची खोली कुठे आहे ते लिहिलेलं नसतं. त्या दोन हजारांचं त्याला आजही काही वाटत नाही, मला वाटतं.

आता बरं आहे. २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपायचा कायदा, लागू झाला, तेव्हापासून डॉट कॉमच्या नोंदीत नाव-पत्ता बहुतेक झाकलेलाच असतो. बरेच रजिस्ट्रार प्रायव्हसी फुकट देतात. तरी चालू आहे ना, ते स्वतः तपासा. जुन्या नोंदींच्या प्रती लोकांनी जपून ठेवल्यात, त्या पुसल्या जात नाहीत. माझा तो पत्ता कुठेतरी असेलच.

डॉट इन घेणार असाल तर वेगळं. तिथे प्रायव्हसी सेवा चालत नाही. तरी नाव-पत्ता झाकलेला असतो, राज्य आणि देश दिसतो. संस्थेच्या रकान्यात काही भराल तर तेही दिसू शकतं, म्हणून तिथे घराण्याचं नाव घालू नका. ईमेल वेगळा ठेवा, पण रोज उघडता तोच, नाहीतर नूतनीकरणाची खरी सूचना हुकेल. वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर डोमेन घेऊ नका, भांडण झालं की तो देत नाही. आणि हो, पोलीस किंवा कोर्टाने मागितलं तर ही प्रायव्हसी आड येत नाही.

नंबर मात्र दुसरा घ्या. माझा जुना नंबर आईकडे आहे, तिला अजूनही लोगोवाल्यांचे फोन येतात.