कॅमेरा-शंका : टेलिकन्व्हर्टर आणि किनाऱ्यावरचे पक्षी

प्रश्न : माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा आणि १००-४०० (एफ/४.५-५.६) लेन्स आहे. आक्षीच्या किनाऱ्यावरचे कुरव फोटोत इवलेसे येतात. मित्राचा २एक्स कन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी, चित्र दुप्पट मोठं करणारी जोड-लेन्स) लावून सकाळी अकराच्या सुमारास फोटो काढले, तर सगळे मऊ, म्हणजे अस्पष्ट आले. त्याऐवजी १.४एक्स घ्यावा का?
— वाचक, अलिबाग

उत्तर : कन्व्हर्टरला दोष देण्याआधी घड्याळ बघा. अकरा वाजेपर्यंत वाळू तापते, तिच्या लगतची हवा थरथरू लागते आणि तुम्ही नेमके त्याच थरातून, जमिनीलगत, ५० मीटर पलीकडे बघत असता. कन्व्हर्टर पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करतो. कितीही महागडी लेन्स आणली तरी त्यावर इलाज नाही. खात्री करायची तर स्थिर बसलेल्या पक्ष्याचे सलग दहा फोटो घ्या. काही बरे, काही विस्कटलेले, कडा वेड्यावाकड्या असतील तर हवेचा दोष. दहाच्या दहा सारखेच मऊ असतील तर फोकस किंवा काच तपासा.

आता हिशेब. २एक्स दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा; एफचा आकडा वाढतो तसा उजेड कमी), म्हणजे तुमची लेन्स ८०० मिमी एफ/११ होते. १.४एक्स एकच स्टॉप खातो : ५६० मिमी, एफ/८. त्याच शटर स्पीडसाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० चा १६०० करावा लागेल, एवढंच. एफ/५.६ च्या झूमवर २एक्स लावूच नये असं आमचं मत आहे. तो ३०० एफ/२.८ सारख्या लेन्सवर शोभतो.

६० सेंटिमीटर लांबीचा कुरव ५० मीटरवर असेल तर ४०० मिमीवर सेन्सरवर ४.८ मिमी, म्हणजे साधारण १२०० पिक्सेल भरतो. १.४एक्स लावला की १७००. आणि तोच कुरव २५ मीटरवर आला, तर कन्व्हर्टरशिवाय २४००! म्हणून पक्षी जवळ आणण्याचं काम आधी भरतीला करू द्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हे किनाऱ्यावर कुणीही सांगेल. द्वादशीला बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊ. त्या दिवशी उजाडताच जाऊन वाळूच्या वरच्या पट्ट्यात खाली बसा. पाणी चढेल तसे पक्षी तुमच्याकडे सरकत येतात. शिवाय आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्याच्या अंगावर पडतं. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला मात्र पाणी फारसं चढत नाही. ते दिवस टाळा.

१.४एक्स विकत घेण्याआधी एक चाचणी करा. सकाळी लवकर, ट्रायपॉडवर, २५-३० मीटरवरच्या होडीवर रंगवलेला नंबर टिपा. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून). एकदा कन्व्हर्टरसह, एकदा त्याच्याविना. दुसरा फोटो संगणकावर १४० टक्के मोठा करून पहिल्याशेजारी ठेवा. रंगाचे पोपडे पहिल्यात जास्त स्पष्ट दिसले तर पैसे वसूल. दोन्ही सारखेच असतील तर क्रॉप करा आणि उजेडाचा तो एक स्टॉप वाचवा.

प्रश्न : निकॉन डी-७२०० आणि २००-५०० लेन्सवर १.४एक्स लावला. समुद्र गरुड उडताना फोकस नुसता पुढेमागे होतो.
— वाचिका, दापोली

उत्तर : ही जोडी ७०० मिमी एफ/८ होते आणि डी-७२०० मध्ये एफ/८ ला फक्त मधला एकच फोकस बिंदू काम करतो. तोच निवडा. लेन्सवरचा फोकस मर्यादेचा खटका ६ मीटर ते अनंतवर ठेवा, म्हणजे फोकस जवळच्या टप्प्यात भरकटणार नाही. गरुड येण्याआधीच तेवढ्याच अंतरावरच्या सुरूच्या शेंड्यावर फोकस करून ठेवा. शटर १/२००० च्या खाली नको. आभाळ भरून आलं की कन्व्हर्टर काढाच. मोकळ्या ५०० मिमीवर याच कॅमेऱ्याचा फोकस कितीतरी चपळ चालतो.

प्रश्न : माझ्या ७०-३०० लेन्सवर कन्व्हर्टर बसेल का?
— वाचक, मालवण

उत्तर : बहुधा नाही. कंपनीच्या कन्व्हर्टरची पुढची काच माउंटच्या (लेन्स जोडायच्या कड्याच्या) बाहेर आलेली असते. लेन्सच्या मागे तेवढी मोकळी जागा नसेल तर काच काचेला भिडते. जोर लावून पाहू नका, कंपनीची यादी बघा. यादीत असलेल्या लेन्सलाही अटी असतात : कॅननच्या आरएफ १००-५०० वर कन्व्हर्टर बसतो, पण झूम ३०० च्या पुढे असेल तरच. लावल्यावर ती लेन्स ३०० च्या मागे येत नाही, म्हणून पिशवीही लांब लागते.

प्रश्न : कन्व्हर्टरच्या काचेत बुरशी धरली आहे. किनाऱ्यावर तो काढ-घाल कसा करावा?
— वाचक, गुहागर

उत्तर : किनाऱ्यावर करूच नये. घरून निघतानाच कॅमेरा बंद करून आधी कन्व्हर्टर लेन्सला, मग दोन्ही मिळून कॅमेऱ्याला लावा. वाटेत बदलावाच लागला तर गाडीच्या काचा वर करून. एसी खोलीतून बाहेर पडताना सगळं बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. परतल्यावर खाऱ्या तुषारांचे डाग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा, मग कोरड्या फडक्याने. ठेवायला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि बऱ्यापैकी आर्द्रतामापी. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरा. तुमच्या कन्व्हर्टरमधली बुरशी काचांच्या आत असेल तर तो स्वतः उघडू नका. सेवा केंद्रात द्या, आणि तोवर बाकीच्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.