आजी ‘येते’ का म्हणाली

प्रिय सोन्या,

परवा टोरंटोच्या पिअरसन एअरपोर्टवरून परतताना गाडीत तू विचारलंस, “आजी तर गेली. मग ती ‘येते हं’ असं का म्हणाली?” मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आलाच. “आणि मी ‘जा आजी, बाय’ म्हटलं तर तू डोळे का वटारलेस? आजोबा तर म्हणतात शकुन-अपशकुन सगळं खोटं असतं.” मी ‘घरी गेल्यावर सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. खरं म्हणजे मला रडू येत होतं आणि समोर 401 हायवेवरची गर्दी होती. आता बाळ झोपलंय, म्हणून लिहायला बसले. शनिवारच्या मराठी शाळेत जेवढं शिकलास तेवढ्यावर वाच. अडलं तर ये विचारायला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मराठीत ‘गेले’ म्हटलं की माणूस वारला. पणजी ‘गेली’ हे तुला फोनवर कळलं तेव्हा ‘कुठे गेली?’ असं तू विचारलं होतंस, आठवतं? म्हणून घरातून निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि मागे राहणारा ‘ये’ म्हणतो. आपण एरवी तोंडाचे फटकळ लोक, पण अशा जागी शब्द फार जपून वापरतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’. जुने दुकानदार रात्री दुकानसुद्धा वाढवायचे.

दुसरा प्रश्न मात्र खरा अवघड, कारण त्यात आजोबा आहेत. आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री. मांजर आडवं गेलं तर ‘त्यालाही कुठेतरी पोचायचं असेल’ म्हणणारा माणूस. ऑक्टोबरात तुझ्या भावाच्या जन्मासाठी आजी इकडे यायला निघाली, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. आजीने ती चाटून खाल्ली आणि आजोबा छताकडे बघत राहिले. पण पाच मिनिटांनी आजी गाडीत बसताना ‘चला, जाते मी’ म्हणाली, तर हेच आजोबा म्हणाले, “नीट बोल.” तिने नीट म्हटलं, “येते.” मग ते म्हणाले, “ये.” एवढंच. अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा पाच महिने वेगळे राहणार होते आणि निरोपाला दोन शब्द.

मी लहानपणी त्यांना हेच विचारलं होतं. तेव्हा त्यांनी स्तोत्र 121 काढून दाखवलं. त्याच्या शेवटी आहे, परमेश्वर तुझं जाणं आणि तुझं येणं सांभाळील. “बघ, शास्त्रात आधी जाणं आहे, मग येणं,” ते म्हणाले. “जाणं त्याच्याकडे सोपवायचं. आपण तोंडाने येणंच म्हणायचं.” मला तेव्हा ती पाळकी चलाखी वाटली होती. या पाच महिन्यांत मत थोडं बदललं.

ते पाच महिने आजोबांनी कसे काढले ते तुला माहीत नाही, कारण फोनवर ते तुला फक्त क्रिकेटचं विचारायचे. मला कळायचं ते महिला मंडळामुळे. रविवारी नाशिकला उपासना सुटली की आजीच्या व्हॉट्सॲपवर अहवाल सुरू. पाळकसाहेबांचा झगा चुरगळलेला होता. साहेबांनी दोन वेगळे मोजे घातले होते. आणि दर आठवड्याला न चुकता: आज संदेश (म्हणजे प्रवचन) पंचेचाळीस मिनिटं. आज पन्नास.

त्याचं असं आहे, आजी तिसऱ्या बाकावर बसते. आजोबांचा संदेश पंचवीस मिनिटांच्या पुढे गेला की ती चष्मा काढते आणि डबीत ठेवते. डबी मिटल्याचा ‘टक’ आवाज व्यासपीठापर्यंत जातो, आणि आजोबा ‘शेवटी एवढंच’ म्हणतात. हे मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणालाच माहीत नव्हतं! आजी इकडे आली आणि डबीही इकडे आली. नोव्हेंबर संपता संपता चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या सेक्रेटरींनी नम्रपणे विचारलं, “साहेब, तब्येत बरी आहे ना?”

त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. नळाला पाणी येतं, मोटर लावायची, दूध तापवायचं, मग प्रार्थना. आजी असताना ती पद म्हणते आणि आजोबा वचन वाचतात. आजोबांच्या गळ्यात सूर नाही. कवी ना. वा. टिळकांचा अभंग त्यांनी म्हटला तर ओळखू येण्यासाठी शब्दांवर विसंबावं लागतं. त्यामुळे ठरलं असं की नाशिकला पहाटे पाच वाजता फोन करायचा. तेव्हा आपल्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. आजी बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत पद म्हणायची, तिकडे आजोबा वाचायचे. तू त्याच वेळी आयपॅडसाठी भुणभुण करायचास, ती त्यांच्या प्रार्थनेत रोज ऐकू जायची. नोव्हेंबरात आपली घड्याळं एक तास मागे गेली आणि साडेसातची प्रार्थना साडेसहावर आली. आजी चिडली, “सरकारने सांगितलं म्हणून वेळ बदलते होय?” आजोबा म्हणाले, “देवाला सांग, तो जुन्याच वेळेने येईल.”

तिकडे मग सकाळभर माणसं. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा, कुणाच्या पोराचं लग्न ठरत नाही, कुणी सिव्हिलमध्ये ॲडमिट. दुपारी ॲक्टिव्हावरून घरभेटी. प्रत्येक घरी चहा, आणि आजोबांना मधुमेह. एरवी आजी सोबत असते आणि बशीतला निम्मा चहा न बोलता आपल्या कपात ओतून घेते. या वेळी चहा पूर्ण प्यायला लागला. साखर वाढली ती डिसेंबरच्या तपासणीत दिसली.

डिसेंबर म्हणजे पाळकाच्या घरी लग्नघरापेक्षा जास्त धांदल. कॅरलवाली पोरं रात्री दोन-दोनपर्यंत थंडीत फिरतात आणि शेवटचा मुक्काम पार्सनेजवर, म्हणजे आजोबांच्या घरी, चहा-चिवड्याला. आजी महिनाभर आधी करंज्या, शंकरपाळे, चकल्या करायला घेते. तू नाताळचा फराळ म्हटलं की केक समजतोस. आमच्याकडे केक बेकरीतून भाजून यायचा आणि फराळ घरात व्हायचा. यंदा आजोबांनी मंडळीला निरोप दिला की पार्सनेजवर फराळ नसेल, कुणी वाईट वाटून घेऊ नये. परिणाम असा की चोवीस तारखेपर्यंत घरात करंज्यांचे अकरा डबे जमले. शेजारच्या काकूंचे अनारसे वेगळेच. परत पाठवायचे तर रिकामा डबा पाठवता येत नाही, हीसुद्धा आपली रीत. आजोबांनी प्रत्येक डब्यात दुसऱ्या डब्यातल्या करंज्या भरल्या आणि पाठवून दिल्या. महिला मंडळाने करंजीच्या मुरडीवरून लगेच ओळखलं, कुणाची कुणाकडे गेली ते.

31 तारखेच्या रात्रीच्या उपासनेत त्यांनी शरणपूरची गोष्ट सांगितली. तू गेल्या वेळी शरणपूर रोडवर कुल्फी खाल्लीस, तेच शरणपूर. 1854 साली प्राइस नावाच्या मिशनऱ्याने नाशिकच्या बाहेर ख्रिस्ती लोकांसाठी ती वस्ती वसवली. धर्म बदलला म्हणून ज्यांचं घर सुटलं, ते तिथे आले. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंही तिथे आणली गेली. ती तिथे लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. 1873 साली आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डॉक्टर लिव्हिंग्स्टन तिथेच वारले, तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल पायी समुद्रापर्यंत आणणाऱ्यांमध्ये तो होता, आणि लंडनला दफनाच्या वेळीही. ही गोष्ट आजोबांनी आम्हाला रविवारच्या शब्बाथशाळेत शंभर वेळा सांगितली असेल. पण या वेळी त्यांनी एक वाक्य नवं घातलं. या पोरांना पळवून नेलं तेव्हा ‘येतो’ म्हणायलासुद्धा कुणी समोर नव्हतं, असं म्हणाले आणि थोडा वेळ थांबले. संदेश अठ्ठावन्न मिनिटं झाला. त्या दिवशी मात्र महिला मंडळाने वेळ कळवली नाही. नुसतं लिहिलं, ‘वहिनी, लवकर या.’

आता जे मला सांगायचं होतं ते. जानेवारीत एका रात्री मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ वारले. आजोबांना स्वतःला ताप होता, तरी गेले, दुसऱ्या दिवशी दफन करून संध्याकाळी घरी आले. हे त्यांनी आजीला सांगितलं नाही, मंडळाने सांगितलं. आजी फोनवर इतकी कडाडली की बाळ दचकून उठलं. “मला का नाही कळवलं?” “कळवलं असतं तर विमानाने आली असतीस?” “हो!” नंतर आजीने फोन माझ्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन बसली.

मग आजोबा माझ्याशी बोलले, जे सहसा बोलत नाहीत. म्हणाले, “अगं, त्या दिवशी दाराशी आलो आणि लक्षात आलं की कुलूप आहे. मी आयुष्यात रात्री घरी आलोय ते बेल वाजवून. आधी आई दार उघडायची, मग ही. खिशात किल्ली घेऊन फिरायची सवयच नाही. अंधारात ते कुलूप काही उघडेना. तापाने हात थरथरत होते. प्रार्थना करावी म्हटलं तर तीही येईना. चाळीस वर्षं लोकांना शिकवतोय प्रार्थना. शेवटी पायरीवर बसलो आणि नुसतं जाणं-येणं, जाणं-येणं म्हणत राहिलो, पोरं पाढे म्हणतात तसं.”

मी विचारलं, मग?

“मग काय, काकूंनी टॉर्च आणला. तिखट पिठलं-भात दिला.”

सोन्या, आजोबांचा देवावरचा विश्वास म्हणजे काही मोठं भक्कम धरण आहे आणि त्याला कधी तडा जात नाही, असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं. त्या फोननंतर मला ते जास्त जवळचे वाटले.

आणि त्यांनी एक गोष्ट केली, जी मला कमिटीच्या सेक्रेटरींकडून कळली. विधुर आणि विधवांच्या घरभेटी ते नेहमी सकाळी अकराला करायचे, सोयीचं पडतं म्हणून. जानेवारीपासून त्यांनी त्या दिवेलागणीला सुरू केल्या. सकाळी माणूस कामात असतो, म्हणाले, ती वेळ निभते. कातरवेळी घर खायला उठतं, तेव्हा कुणीतरी बेल वाजवावी. सेक्रेटरींना ते अडचणीचं होतं, संध्याकाळी मीटिंगा असतात. आजोबांनी मीटिंगा सकाळी अकराला नेल्या.

मध्ये एकदा मी त्यांना चिडवलं, पाच महिन्यांत एवढं? तर त्यांनी टिळकांचं उदाहरण दिलं. नारायण वामन टिळक, ज्यांचे अभंग आजी म्हणते, त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत आल्या नाहीत. दोघं काही वर्षं वेगळी राहिली, आणि लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोदावरीकाठच्या, म्हणजे आजोबांच्या हिशेबी घरच्याच. “त्यांच्यापुढे माझे पाच महिने म्हणजे चिंचोके,” आजोबा म्हणाले. आणि लगेच, “तुझ्या आईला हे सांगू नकोस, ती म्हणेल चिंचोके काय!”

आजी परत पोचली तेव्हा मुंबईला तिला घ्यायला मामा गेला. आजोबा का नाही आले म्हणून मला जरा रागच आला होता. एवढे पाच महिने वाट बघितली आणि एअरपोर्टवर यायला काय झालं? काल आजीशी बोलले तेव्हा उलगडा झाला. गाडी कसारा घाट चढून नाशिकला पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले होते. पार्सनेजच्या दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी होती. आजीच्या पर्समध्ये किल्ली होती, पण तिने बेल वाजवली. आजोबांनी दार उघडलं. मागे टेबलावर धुऊन ठेवलेली द्राक्षं होती, ताटभर.

“आलीस?”

“आले,” आजी म्हणाली. “आणि आत दूध उतू जातंय, वास येतोय.”

तुझी,
आई